वेल्सहून पेनसिल्व्हेनियाला: आडनावामागे धावू नका, शेताचं नाव शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई लग्नानंतर फिलाडेल्फियाजवळ स्थायिक झाल्या. त्यांच्या अमेरिकन सासूबाईंचं माहेरचं आडनाव प्राइस. ‘तीन भाऊ विल्यम पेनबरोबर (पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक) वेलकम जहाजातून वेल्सहून आले’ असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सासूबाईंकडे एक जुनं बायबल आहे आणि त्यातल्या जन्ममृत्यूच्या पानांवर सगळ्यात जुनी नोंद १७९४ ची आहे. शिवाय इंटरनेटवर त्यांना एक तयार वंशवृक्ष मिळालाय, तो थेट तेराव्या शतकातल्या एका वेल्श राजपुत्रापर्यंत पोचतो. हा वंशवृक्ष खरा धरावा का, आणि वेल्समधलं मूळ गाव कसं शोधावं?

ताई, गेली २२ वर्षं मी हेच काम करते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी राजपुत्राचं. तो वंशवृक्ष सध्या बाजूला ठेवा. त्यातली एकही ओळ आपल्या वहीत उतरवू नका. तो पूर्ण खोटाच असेल असं मी म्हणत नाही. वेल्समध्ये भाट घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणत आणि पुढे त्या लिहूनही ठेवल्या गेल्या, त्यामुळे काही कुटुंबांच्या जुन्या पिढ्या खरोखर हाती लागतात. अडचण मधल्या जागी असते. वरच्या पिढ्या जुन्या हस्तलिखितांतल्या, खालच्या पिढ्या अमेरिकेतल्या कागदांवरच्या, आणि दोन्ही जोडणारा १६५० ते १७२० च्या आसपासचा एक माणूस केवळ नाव जुळलं म्हणून तिथे बसवलेला. वेल्श वंशावळीत नाव जुळणं हा पुरावा होत नाही. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदांत ‘राणोजी बिन संताजी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे संताजीचा मुलगा राणोजी. वेल्श भाषेत या ‘बिन’च्या जागी ‘ॲप’ येतो, आणि पुढचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर ‘ॲब’. मुलीसाठी ‘व्हेर्ख’, म्हणजे अमक्याची मुलगी. आपल्या कागदांत लग्नानंतर बाई ‘कोम अमुक’ म्हणून नवऱ्याच्या नावानं ओळखली जायची. वेल्समध्ये मात्र लग्नानंतरही ती बापाच्याच नावानं राहायची. तुमच्या सासूबाईंचं प्राइस हे ‘ॲप रिस’ पटकन म्हणताना झालेलं रूप आहे. तसंच ॲप हाउएलचं पॉवेल, ॲप ह्यूचं प्यू, ॲब ओवाइनचं बोवेन, ॲब इवानचं बेव्हन. बड्या जमीनदार घरांनी सोळाव्या शतकात, वेल्स कायद्यानं इंग्लंडला जोडलं गेल्यावर, इंग्रजी धर्तीची कायमची आडनावं घेतली. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांमध्ये बापाचं नाव लावण्याची पद्धत त्यानंतरही टिकली, काही ठिकाणी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत.

याचा अर्थ असा की ज्या माणसाच्या बापाचं नाव रिस, तो प्राइस होऊ शकत होता. शेजारशेजारच्या दोन शेतांवरचे दोन प्राइस एकमेकांचे कुणीही नसतील, आणि सख्ख्या चुलतभावांची आडनावं वेगवेगळी असतील. यासाठी मी नेहमी एक उदाहरण देते, कारण त्याचे कागद शिल्लक आहेत आणि माणसं खरी आहेत. उत्तर वेल्समधल्या बाला गावाजवळच्या पेनल्लिन भागात ल्लायथगूम नावाच्या शेतावर जॉन ॲप थॉमस राहायचा. त्याचा बाप थॉमस ॲप ह्यू. जॉन क्वेकर होता, म्हणजे राजमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा. पेनकडून जमीन घेणाऱ्या मंडळींत तो आणि डॉक्टर एडवर्ड जोन्स या दोघांनी मिळून बाला भागातल्या लोकांच्या वतीनं ५,००० एकर घेतली. भाव १०० पौंड. एडवर्ड जोन्स ‘लायन’ जहाजातून पुढे गेला. ते लिव्हरपूलहून निघालं आणि ऑगस्ट १६८२ मध्ये पोचलं, म्हणजे खुद्द पेन यायच्याही दोन महिने आधी. तिथून त्यानं जॉनला पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. जमीन दिसायला अकरा आठवडे लागले असं त्यात आहे. जॉनला मात्र निघता आलं नाही. १६८३ मध्ये तो ल्लायथगूमलाच वारला. त्याची विधवा कॅथरिन रॉबर्ट, म्हणजे रॉबर्टची मुलगी कॅथरिन, त्याच वर्षी मुलांना घेऊन समुद्र ओलांडून आली. आणि ती मुलं इथं झाली जोन्स, कारण बापाचं नाव जॉन.

आता हे घर संगणकावर आडनाव टाकून शोधून बघा. आजोबा ॲप ह्यू, बाप ॲप थॉमस, आई रॉबर्ट, मुलं जोन्स. एका छपराखाली चार नावं. आणि बापाचा भागीदारही जोन्सच, पण त्याचं जोन्स दुसऱ्याच जॉनवरून आलेलं! ल्लायथगूम हे शेताचं नाव मात्र बदललं नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आडनावामागे धावू नका, शेत शोधा. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लावतात, तिथं शेतावरून माणूस ओळखला जायचा.

आता तुमच्याकडे जे आहे तिथून सुरुवात करू, म्हणजे बायबलपासून. या आठवड्यातच त्याचे फोटो काढा. फक्त नोंदींच्या पानांचे नव्हे, तर मुखपृष्ठ, आतलं छापील शीर्षक-पान आणि मध्ये ठेवलेली चिठ्ठीचपाटी, सगळ्याचे. शीर्षक-पानावर छपाईचं साल असेल. समजा बायबल १८३० साली छापलेलं असेल आणि १७९४ पासूनच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात असतील, तर त्या कुणीतरी नंतर आठवणीनं किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवल्या आहेत. त्या खोट्या ठरत नाहीत, पण त्यांचं वजन कमी होतं. उलट शाई बदलत गेलेली, हात बदललेला, एखादं मूल गेल्याची नोंद थरथरत्या अक्षरात केलेली, असं असेल तर त्या त्या वेळी लिहिलेल्या नोंदी म्हणून त्यांना मान द्या.

१७९४ पासून मागे जाताना एकेक पिढीच चढा. मधली पिढी रिकामी ठेवून वर उडी मारली की सगळं फसतं. आणि इथं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काउंट्यांच्या सीमा बदलल्या आहेत. मेरिअन, हॅव्हरफर्ड आणि रॅडनॉर ही वेल्श क्वेकरांच्या वस्तीची ठिकाणं. मेरिअन आज माँटगोमेरी काउंटीत आहे, पण ही काउंटी १७८४ मध्ये फिलाडेल्फिया काउंटीतून निघाली. हॅव्हरफर्ड आणि रॅडनॉर आज डेलावेअर काउंटीत आहेत, आणि तीही १७८९ मध्ये चेस्टर काउंटीतून निघाली. तेव्हा १७६० मध्ये मेरिअनला वारलेल्या माणसाचं मृत्युपत्र फिलाडेल्फियाच्या दप्तरात बघायचं, आणि हॅव्हरफर्डच्या माणसाचं चेस्टर काउंटीच्या. चुकीच्या कचेरीत शोधून ‘नोंद नाही’ असं लिहून परतलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

जहाजाच्या यादीची आशा मात्र सोडा. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन वगैरे परक्या लोकांकडून शपथ घ्यायला सुरुवात झाली, म्हणून त्यांच्या याद्या आहेत. वेल्श लोक आधीच इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होते, त्यांना ती शपथ नव्हती, त्यामुळे त्यांच्या याद्याही नाहीत. ‘वेलकम’ जहाजाचीसुद्धा मूळ प्रवासी-यादी उपलब्ध नाही. जी छापलेली मिळते ती नंतरच्या संशोधकांनी इतर कागदांवरून जुळवलेली आहे. त्या जहाजावर साधारण १०० माणसं होती आणि वाटेत देवी येऊन तीसएक दगावली. आज ज्यांचे पूर्वज त्या जहाजातून आले असं सांगितलं जातं ते सगळे खरे मानले, तर जहाज बुडालंच असतं. आणि ‘तीन भाऊ आले’ ही कथा मला जवळजवळ प्रत्येक अमेरिकन कुटुंबात भेटली आहे. तिला नाकारू नका, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पण तिच्या जोरावर शोधाची दिशा ठरवू नका.

यादी नाही, पण तुमचे प्राइस क्वेकर असतील तर त्याहून चांगलं काहीतरी आहे. क्वेकर माणूस एक गाव सोडून दुसरीकडे निघाला की त्याची सभा, म्हणजे तिथली क्वेकर मंडळी, त्याला दाखला द्यायची. हा अमुक, याची बायको अमुक, मुलं इतकी, वागणूक चांगली, कुणाचं देणं नाही, लग्नाच्या बंधनातून मोकळा आहे किंवा नाही. नव्या ठिकाणच्या सभेत तो दाखला वाचला जायचा आणि वहीत उतरवला जायचा. रॅडनॉर मासिक सभेच्या वह्यांत वेल्सहून आणलेले असे दाखले आहेत, आणि त्यांत मूळ सभेचं, कधी कधी शेताचंही नाव सापडतं. हीच ती समुद्रावरची पायवाट. या वह्या स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांच्या क्वेकर संग्रहांत आहेत. दोन्ही तुमच्यापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. पुष्कळसं स्कॅन करून ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावरही टाकलेलं आहे, पण शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. तिथल्या ग्रंथपाल मंडळींना त्या वह्यांची नस माहीत असते.

दुसरा कागद म्हणजे क्वेकर लग्नाचा दाखला. क्वेकरांत पाद्री नसतो. वधूवर सभेत उभे राहून एकमेकांना वचन देतात आणि हजर असलेले सगळे त्या कागदावर सह्या करतात. वधूवरांच्या सहीखाली बहुतेक वेळा जवळचे नातेवाईक असतात. एका दाखल्यावर पन्नास नावं असली तर ती पन्नास नावं सावकाश उतरवून घ्या. बायकांची नावं विशेष बघा, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्या बापाचंच नाव लावतात, आणि त्यावरून वधूची मावशी कोण, आत्या कोण हे उलगडतं.

या कागदांवरच्या तारखा वाचताना थांबून वाचा. क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत, आकडे वापरत. आणि १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून त्यांचा पहिला महिना मार्च. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं, तेव्हा तुम्हाला हे पटकन बसेल. ‘सहावा महिना’ म्हणजे ऑगस्ट, जून नव्हे. ‘अकरावा महिना १६८२’ म्हणजे आपल्या हिशेबानं जानेवारी १६८३. हे न कळल्यामुळे एप्रिल १६८२ मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल जानेवारी १६८२ मध्ये जन्मलं असं लोक लिहितात, आणि मग ते मूल पहिल्या बायकोचं असणार म्हणून एक पहिली बायकोच निर्माण करतात. मी अशा दोन ‘पहिल्या बायका’ वेगवेगळ्या वंशवृक्षांतून काढून टाकल्या आहेत.

सारख्या नावांची माणसं वेगळी कशी करायची, हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. एकदा मी एकाच टाउनशिपमधल्या एकाच नावाच्या दोघांना चार महिने एक माणूस समजून चालले होते. वय जुळत होतं, मुलांची नावंही जवळपास सारखी. शेवटी जमिनीची दोन खरेदीखतं शेजारी ठेवली. एकावर मोकळी, सरावाची सही होती, ‘ड’ची शेपटी खाली ओढलेली. दुसऱ्यावर सही नव्हतीच. कारकुनानं नाव लिहून मध्ये जागा सोडलेली आणि तिथं त्या माणसानं उलट्या व्ही-सारखी खूण काढलेली, शाई एका बाजूला सांडलेली. खतांमध्ये तीन वर्षांचं अंतर, सहीचं आधीचं. लिहिता येणारा माणूस तीन वर्षांनी लिहायला विसरत नाही. (आजारी असेल तर विसरेल, म्हणून तेही तपासलं. तो नंतर अकरा वर्षं धडधाकट होता.) तेव्हापासून मी प्रत्येक माणसासमोर चार गोष्टी लिहिते: सही की खूण, बायकोचं नाव, शेजाऱ्यांची नावं, आणि जमिनीच्या चतुःसीमा. या चारही गोष्टी एकाच वेळी दोन माणसांच्या सारख्या नसतात.

जमिनीचे कागद म्हणूनच मोलाचे. पेनसिल्व्हेनियात आधी वॉरंट (जमीन मोजून द्यायचा हुकूम), मग मोजणी, मग सनद, असा क्रम होता. ते कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. वेल्श क्वेकरांना ४०,००० एकरांचा एक सलग पट्टा मिळायचा होता, जिथं त्यांचा कारभार त्यांच्या भाषेत चालेल अशी त्यांची समजूत होती. पेननं तसं तोंडी कबूल केलं होतं असं ते म्हणत, पण लेखी काही नव्हतं. १६८५ मध्ये काउंटीची हद्द त्या पट्ट्यातूनच गेली, मेरिअन एकीकडे आणि हॅव्हरफर्ड-रॅडनॉर दुसरीकडे, आणि पुढच्या काही वर्षांत पट्टाही इतरांना खुला झाला. त्या लोकांच्या अर्जांत ही जखम दिसते, ते वाचताना आजही वाईट वाटतं. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की ती जमीन मुळात तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांची होती. आणि ही मंडळी आपल्या धर्मासाठी तुरुंगात गेली असली तरी त्यांच्यातल्या काहींनी इथं गुलाम ठेवले. त्याविरुद्ध मेरिअनच्याच कॅडवॉलडर मॉर्गननं १६९६ मध्ये लिहिलं. तुम्ही घराण्याचा इतिहास लिहाल तेव्हा हे दोन्ही त्यात येऊ द्या. मृत्युपत्रात मेंढ्या आणि पलंगाच्या शेजारी एखाद्या माणसाचं नाव आणि किंमत दिसली तर ती ओळ गाळू नका. अमेरिकेत जोन्स, विल्यम्स ही नावं लावणाऱ्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा माग फक्त अशाच ओळींतून मिळतो.

एक सावधगिरी. तुम्ही जिथं राहता तिथल्या वेल्श गावनावांवर विसंबू नका. ब्रिन मॉर हे डोल्गेल्लायजवळच्या रोलंड एलिसच्या शेताचं नाव, आणि एलिस १६८६ मध्ये खरोखर इथं आला. पण आजच्या त्या गावाचं नाव आधी हम्फ्रीजव्हिल होतं. १८६९ मध्ये रेल्वेनं ते बदलून ब्रिन मॉर केलं. त्या मार्गावरची आणखीही काही वेल्श नावं रेल्वेच्या काळातली आहेत. पणजोबा फिलाडेल्फियाजवळच्या बाला-किनविडला जन्मले, यावरून घराणं बालाचं ठरत नाही.

तुमचे प्राइस क्वेकर नसतीलच असंही होऊ शकतं. बॅप्टिस्ट असतील तर वाट वेगळी. पेम्ब्रोकशायर आणि कार्मार्दनशायरच्या १६ जणांनी १७०१ मध्ये मिलफर्ड हेवन बंदरात, निघण्याआधीच, आपलं चर्च स्थापन केलं, ‘जेम्स अँड मेरी’ जहाजातून फिलाडेल्फियाला आले आणि १७०३ मध्ये आजच्या डेलावेअर राज्यात वस्तीला गेले. तिथलीच काही कुटुंबं पुढे १७३० च्या दशकात दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी नदीकाठी गेली. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून जन्माच्या नोंदी नाहीत, सभासदांच्या याद्या बघायच्या. अँग्लिकन असतील तर रॅडनॉरचं १७१५ चं सेंट डेव्हिड्स चर्च. व्हर्जिनियाला वेठकरारावर आलेल्यांचा माग सगळ्यात कठीण, तिथं माणशी ५० एकरांच्या दाव्यांत एखादं नाव हाती लागतं, तेही नुसतं नाव.

समजा दाखला मिळाला आणि त्यात वेल्समधली सभा कळली. आता पलीकडे जायचं, आणि तिथं तुमचा मुख्य आधार म्हणजे अ‍ॅबरिस्टविथचं वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. १८५८ च्या आधीची १,९०,००० हून जास्त वेल्श मृत्युपत्रं त्यांनी इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. ती धर्मप्रांतानुसार लावलेली आहेत आणि इथं मेरियोनेथ काउंटीची गंमत लक्षात ठेवा: बाला आणि पेनल्लिन सेंट असफ प्रांतात, तर डोल्गेल्लाय बँगर प्रांतात. काउंटी एक, दप्तरं दोन. स्थलांतर केलेल्या माणसाचं मृत्युपत्र तिथं नसेल, पण मागे राहिलेल्या बापाचं, भावाचं, बिनलग्नाच्या आत्याचं असेल. ‘पेनसिल्व्हेनियात असलेल्या माझ्या मुलाला’ असं एक वाक्य त्यात निघालं की वीस वर्षांचा प्रश्न सुटतो. म्हणून त्या पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतली) १६८० ते १७२० ची सगळी मृत्युपत्रं वाचा, आडनाव न बघता.

चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण वेल्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीच्या वह्या फार थोड्या उरल्यात. बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला काही जागा भरून काढतात. नोंदी १७३३ पर्यंत बहुधा लॅटिनमध्ये, म्हणजे इवान, येवान, शॉन, जॉन हे सगळे ‘योहानेस’. पण क्वेकर लोक चर्चमध्ये जात नसत, त्यामुळे धर्म बदलल्यानंतरची त्यांची मुलं या वह्यांत मिळत नाहीत. ती क्वेकरांच्या स्वतःच्या वह्यांत असतात, आणि त्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. क्वेकरांनी आपल्यावरच्या जुलमाच्याही नोंदी ठेवल्या. शपथ घ्यायला नकार दिला म्हणून, चर्चचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दिला नाही म्हणून कुणाची गाय नेली, कुणाचे बैल, त्यांची किंमत किती, कोणत्या शेतावरून, हे त्यात असतं. ज्या कागदानं त्या घराला लुटल्याची साक्ष ठेवली, तोच आज त्या घराचा पत्ता सांगतो.

डीएनएबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. करा, विशेषतः सासूबाईंचा, त्यांच्या हयातीत. फक्त ‘प्राइस’ आडनावाच्या गटात जुळणी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं, नाव मात्र १७०० च्या आधी दर पिढीला बदलत होतं. सासूबाईंच्या भावाची किंवा भावाच्या मुलाची वाय चाचणी जुळली तर ती कदाचित एखाद्या एव्हन्सशी किंवा रॉबर्ट्सशी जुळेल. ती चूक समजून सोडून देऊ नका. त्या एव्हन्सचं शेत कुठलं, ते विचारा.

आणि शेताचं नाव एकदा हाती आलं की राष्ट्रीय ग्रंथालयाचे दशांश-कराचे नकाशे उघडा. १८४० च्या आसपास पॅरिशवार काढलेले हे नकाशे इंटरनेटवर फुकट बघता येतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, मालक कोण, कूळ कोण, पीक कोणतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या तुकड्याचं वेल्श नावसुद्धा. आधी पॅरिश निवडा, मग शेताचं नाव टाका. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघावं लागेल, दोन एल कधी एकच होतात आणि डब्ल्यूचा यू होतो. नाव जुळलं की आजूबाजूच्या शेतांची नावंही लिहून घ्या, आणि मग रॅडनॉरच्या दाखल्यांची वही पुन्हा पहिल्यापासून उघडा. जहाजात शेजारी बसलेली माणसं बहुतेक वेळा याच नकाशावर बांधाला बांध लावून असतात.